हात करणारा रिक्षावाला

दांडीहून बोईसरला येणाऱ्या शेअर रिक्षात मी वर्षभर रिक्षावाल्याच्या शेजारी बसलो, पण नाव काही विचारलं नाही. पन्नाशीचा, खाकी शर्टाचं गळ्याजवळचं बटणही लावणारा. कारखान्यांच्या त्या रस्त्यावर टँकर अंगावर येतात, बाइकवाले दोन्हीकडून घुसतात आणि ज्याच्या त्याच्या तोंडी शिवी तयार. हा मात्र आडवं घुसणाऱ्या प्रत्येकाला हात वर करून हसायचा, जणू मागच्याच हळदीत दोघं सोबत नाचले होते.

एकदा एक टँकर इतका घासून गेला की मागे बसलेल्या कोळणींच्या पाट्या कलंडल्या. मी सणसणीत शिवी हासडली. त्याने नेहमीसारखा हात केला. टँकरवाल्यानेही गोंधळून हात केला आणि चक्क वेग कमी केला.

"ओळखीचा होता का?" मी विचारलं.

"नाय ओ. मस्कतला गाडी चालवली मी. तिकडं मानसं दंडाला भितात. इथं दंडाला कोन भितो? पन ओळखीच्याला लाजतात. हात केला का त्याला वाटतं, आपल्याच गावचा कोनतरी हाय."

गेल्या महिन्यात मी स्कूटर घेतली. परवा पाम गावच्या वळणावर त्याची रिक्षा समोरून आली. त्याने हात वर केला, छान हसला. ओळख ठेवली म्हणून मला बरं वाटलं. मीही जोरात हात केला. हेल्मेटमधला माझा चेहरा त्याला दिसला कसा, हा प्रश्न जरा पुढे आल्यावर पडला. मग पाहिलं, तर मी रस्त्याच्या उजव्या, म्हणजे त्याच्या बाजूने चाललो होतो.