अक्षरक्रमाने लावलेले इशारे

नोकरीत कायम व्हायला माझा एकच महिना उरला होता. बेंगळुरूतल्या एका सरकारी संशोधन केंद्रात मी यंत्रांचे इशारे गंभीर आधी, किरकोळ नंतर असे लावणारा प्रोग्राम लिहीत होते. नव्वदीची वर्षं, पुण्याहून आलेली पोरगी, आणि प्रोग्रामची भाषा निवडली ती ऑफिसात कुणालाच न येणारी, गणितातल्या फंक्शनांसारखी लिहायची, ‘फंक्शनल’ म्हणतात तसली. हौस दांडगी!

त्या भाषेत एक सोय होती. इशाऱ्यांचे प्रकार लिहायचे, मायनर, मेजर, क्रिटिकल, आणि शेवटी ‘डिरायव्हिंग’ हा शब्द टाकायचा. लहान कोण, मोठं कोण, ही तुलना मग भाषाच करून द्यायची. प्रकार ज्या क्रमाने लिहिले, तोच चढता क्रम ती धरायची. हे मला ठाऊक होतं, हेच तर दुखणं.

आमच्या विभागप्रमुख अक्का बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांच्याकडे फाइल असो की अहवाल, सगळं इंग्रजी अक्षरक्रमाने. संचालकांसमोर प्रोग्रामची चाचणी होती, तिच्या आदल्या संध्याकाळी अहवालातल्या याद्या लावता लावता मी कोडमधले प्रकारही तसेच लावून टाकले: क्रिटिकल, मेजर, मायनर. भाषेने हूं की चूं केलं नाही. मी खुशीत घरी गेले.

सकाळी होसूर रोडवर ऑफिसची बस अडकली आणि एकदम लक्षात आलं, क्रम उलटा झालाय.

“स्वल्प लवकर, अण्णा,” मी ड्रायव्हरला विनवलं.

पोचले तेव्हा संचालक पडद्यासमोर बसलेले होते. यादी आली. सर्वांत वर तेलाची पातळी थोडी कमी, सर्वांत खाली गॅसगळती.

“हे कोणी केलं?” त्यांनी विचारलं.

अक्कांकडे बोट दाखवायचा मोह झाला. “मी,” म्हणाले. “बदलल्यावर चालवून पाहिलं नाही.”

माझी कायम होण्याची मुदत सहा महिन्यांनी पुढे गेली. अक्कांनी जिन्यात गाठलं.

“तसं लावायची सवय माझीच की गं. माझं नाव का नाही घेतलंस?”

“तुम्ही अहवालाचं सांगितलं होतं, अक्का. कोडला हात मी लावला.”

“सरी, ठीक आहे,” म्हणाल्या आणि निघून गेल्या. मला वाटलं, संपलं, आता या माझ्याशी बोलणारसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी एका फाइलीसाठी त्यांचं कपाट उघडलं. ‘ए’च्याही आधी, सगळ्यांत पुढे, एरवी ‘जी’त असणारी गॅसगळतीची फाइल उभी होती. त्या कपाटातला क्रम अक्कांनी आजवर कुणासाठी मोडला नव्हता. मी तिथेच उभी राहून रडले.