पढवलेला प्रश्न

आणीबाणीतल्या त्या हिवाळ्यात मी वसईत बी.एड. करत होते. माझा विषय इतिहास आणि नागरिकशास्त्र. परीक्षेचा वार्षिक पाठ ज्या शाळेत द्यायचा होता, तिथल्या इतिहासाच्या सरांना दिवाळीनंतर पोलीस घेऊन गेले होते. नववीचा त्यांचा भाग तसाच मागे पडला होता, म्हणून माझ्या वाट्याला नेमका मूलभूत हक्कांचा धडा आला.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील चळवळीची पत्रकं छापून आणत, मी घड्या घाली. वाचायला शिकले तीही त्यांच्यावरच. त्या वर्षी आईने सगळी पत्रकं चुलीत घातली आणि राख केळीच्या बुंध्यांशी नेऊन टाकली. तरी रस्त्यावर जीप थांबली की आमच्या घरातले हात ताटातच थांबत.

वार्षिक पाठाच्या आदल्या दिवशी वर्गात जायचं आणि मुलांना प्रश्न, उत्तरं सांगून ठेवायची, ही आमच्याकडची रीत. परीक्षक मागे बसले की वर्गभर हात वर. मी हिला फसवणूक म्हणत असे आणि त्यावरून मैत्रिणींशी भांडतही असे. अध्यापन पद्धती शिकवणाऱ्या आमच्या बाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं, की या धड्याला तरी मुलांना तयार कर, पुस्तकाबाहेरचं काही निघालं तर नुसती पदवीच जायची नाही. मी ऐकलं नाही.

पाठाच्या दिवशी परीक्षक आणि आमच्या बाईंबरोबर सफारीतला एक गृहस्थ आला. तो कोण, हे कुणी सांगितलं नाही. शेवटच्या बाकावर बसून तो मुलांकडेच बघत होता. विचार मांडण्याचं स्वातंत्र्य म्हणजे काय, असं मी विचारलं. एकही हात वर झाला नाही. मग पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली एक मुलगी उठली.

"बाई, आमच्या सरांना पन हे हक्क होते ना? मंग त्यांना धरून कशाला नेलं?"

उत्तर मला पाठ होतं, ते चुलीत गेलेल्या प्रत्येक पत्रकात होतं. पण मी पुस्तकाचं पान उलटलं.

"मुलीचं नाव काय?" सफारीवाल्याने विचारलं. त्याने पेनचं टोपण काढलं होतं.

"तिला मीच सांगितलं होतं असं विचारायला," मी म्हणाले. "काल येऊन पढवून गेले मी."

"म्हणजे पाठ बसवून आणलाय?" परीक्षक म्हणाले.

"हो."

त्यांनी सफारीवाल्याकडे पाहिलं आणि मला पुढे चला म्हणाले. उरलेला धडा मी पुस्तकात बघून वाचून दाखवला. आमच्या बाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. ते टोपण परत पेनावर बसलं की नाही, हे बघायची मला हिंमत झाली नाही.

तास संपल्यावर ती मुलगी जिन्यात माझी वाट अडवून उभी राहिली. रागाने लाल झाली होती.

"तुम्ही काल आल्याच नव्हत्या. माझा प्रश्न होता तो. खोटं कशाला बोललात?"

वरच्या पायऱ्यांवर बुटांचा आवाज येत होता. मी तिचा दंड धरला.

"हळू बोल," मी म्हणाले.