फांदीचा खड्डा

श्री. कचरू भिकाजी दाभाडे, पद मुकादम, रस्ते दुरुस्ती पथक. ओळखीची खूण : उजव्या मनगटावर डांबराने भाजल्याचा डाग. सदर कर्मचाऱ्याचे कर्तव्य उपद्रवी खड्डे बुजवून रस्ता वाहतुकीस निर्धोक करणे हे असून, तो कामात तत्पर आहे. त्यास कोणतेही व्यसन अथवा भय नाही.

वेरूळला मोठे पाहुणे निघाले की या शहरातले रस्ते गुळगुळीत होतात. पाहुणे परततातही त्याच रस्त्यानं, यावर मात्र कुणाचा विश्वास नसावा. कचरूचं पथक असे कितीतरी दौरे पाहून बसलेलं. त्यानं बुजवलेला खड्डा सहसा उघडत नसे. अपवाद एकच, क्रांती चौकाकडून उस्मानपुऱ्याला येताना डाव्या हाताचा. लोक त्याला ‘फांदीचा खड्डा’ म्हणत.

बऱ्याच वर्षांपूर्वी त्या खड्ड्यापाशी सांडूचा जीव गेला. पथकात लाल झेंडी धरून गाड्या थोपवायचं काम त्याचं. डांबरी खडी अंथरून झाली, धुमसानं ठोकून झाली, की सांडू तिच्यावर पाय आपटून बघायचा आणि ओरडायचा, “सोडा!” मग गाड्या सुटायच्या. त्या भरदुपारी तो ओरडायच्या आतच पाण्याचा एक टँकर सुटला.

तेव्हापासून तिथं खड्डा बुजवला की कचरू ताज्या खडीत कडुलिंबाची फांदी रोवायचा, वर लाल चिंधी. खड्ड्यात फांदी सगळं गावच रोवतं. बुजवलेल्या खड्ड्यात रोवणारा हा एकटा. गाड्या वळसा घालून जायच्या. ठिगळ खरं बसतं ते चाकांखाली, हे इतरांना शिकवणारा कचरूच; पण इथं चाक फिरकायचं नाही, खडी सुटीच राहायची. फांदी वाळून पडली की भोकातून पाणी मुरायचं. पावसाळ्यात खड्डा परत हजर.

“चचा, झाडां लगारे क्या?” रिक्षावाले विचारायचे.

कचरू फांदीवरची चिंधी घट्ट बांधायचा. गरम डांबरावर हवा थरथरते, त्या थरथरीत त्याला पिवळं जाकीट दिसायचं. झेंडी वर, तोंड अर्धवट उघडं. अजून ओरडायचं राहिलेला माणूस. त्याच्या अंगावर गाड्या कशा सोडायच्या?

यंदा तिथं एक मास्तरीण स्कूटरवरून घसरली, हात मोडला. नवी इंजिनिअर श्रेया पथकाबरोबर स्वतः आली. ठिगळ भरून झालं. कचरूनं सवयीनं फांदी उचलली.

“कचरूमामा, ती राहू द्या. ह्या फांदीपायी खड्डा होतोय.”

“ठाऊक हाय मॅडम.”

“मग?”

कचरू ठिगळाकडं बघत राहिला. डांबरावर थरथर सुरू झाली होती.

झेंडी घेऊन लांब उभी असलेली आशाबाई तेवढ्यात चालत आली. सांडूची बायको. अनुकंपेवर तिला खात्यानं नोकरी दिली, आणि खातं विचारपूर्वक वागतं म्हणून तीच झेंडी दिली. कचरू मात्र या जागी तिला कधी जवळ येऊ देत नसे. “तिकडं सावलीत थांबा वहिनी,” म्हणून पिटाळायचा.

“द्या ती फांदी, भावजी.”

“वहिनी, तुम्ही इथं नका...”

“पगार मला हाय का फांदीला?” तिनं त्याच्या हातातून फांदी ओढून घेतली. “लई वर्षं झाली तिला फुकट राबवताय. उद्या ती पेन्शन मागंल.”

पथकातलं कोणीतरी हसलं.

“तो हितं उभा हाय, आशाबाई,” कचरू हळूच म्हणाला. एवढ्या वर्षांत त्यानं तिला पहिल्यांदाच नावानं हाक मारली.

आशाबाईनं ठिगळाकडं पाहिलं. तिला काही दिसलं असेल-नसेल.

“व्हय ना? मग त्याला किती दिवस उन्हात उभं करणार? बाजूला व्हा.”

ती ठिगळावर चढली. पाय आपटला. चप्पल चिकटली, तशी उचलून पुन्हा आपटला. मग कडेला होऊन तिनं झेंडी खाली घेतली आणि तोंड उघडलं. कचरूनं डोळे गच्च मिटले.

“सोडा!”

आधी रिक्षा गेली, मग दुधाची गाडी, मागून एक टँकर. जमीन जराशी हादरली. कचरूनं डोळे उघडले तेव्हा ठिगळावर टायरच्या नक्षीशिवाय काही नव्हतं. ते रस्त्याला सपाट लागलं होतं. थरथर होती, तिच्यात कुणी नव्हतं. तो बराच वेळ शोधत राहिला.

पावसाळा सरला. ठिगळ उखडलं नाही. श्रेयानं अहवालात रस्ता निर्धोक असल्याचं लिहिलं, आणि ते खरं आहे.

कचरू त्या रस्त्यानं पुन्हा गेलेला नाही. घरी जाताना तो मागच्या गल्लीतून जातो. त्या गल्लीत खड्डेच खड्डे आहेत.