थोरल्याच्या खांद्याला पेलणारी बंदूक

अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. भाव चढला तसा मीही चढलो. हिवरखेडच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं शेत. रानडुकरं, वाघ यांच्यासाठी घरात बंदूक लागायचीच. ती चालवायचा माझा थोरला भाऊ. त्याचा नेम पक्का होता. पण एकदा बैलबंडी उलटून त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून बंदुकीचा दणका त्याला सोसत नसे.

अमरावतीला कापूस विकून झाल्यावर आम्ही दोघं नवी बंदूक घ्यायला गेलो. मी रुंद तोंडाची, पितळ मढवलेली दुनळी उचलली.

"हे माह्या खांद्याले झेपनार नाई रे," थोरला म्हणाला.

"आता आपन कापसावाले! गावात हलकीसलकी बंदूक घेऊन जावं काय?"

तो हसला आणि त्याने दुनळीचे पैसे मोजले. माझी हौस मोडणं त्याला कधी जमलंच नाही.

त्याच हिवाळ्यात गोठ्याशी वाघ आला. थोरल्याने गोळी झाडली, ती वाघाच्या मागच्या पायाला लागली. चार दिवसांनी त्या लंगड्या वाघाने आमच्या गुराख्याला नेलं. ज्याने वाघ जखमी केला त्यानेच तो संपवायचा, ही आमच्याकडची रीत. थोरल्याचं अन्नपाणी सुटलं.

अकोल्यात एक म्हातारा बंदुका दुरुस्त करायचा. आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. त्याने आमचीच दुनळी आत नेली, परत आणून थोरल्याच्या हाती दिली आणि समोरच्या मडक्यावर मारायला सांगितलं. चाप ओढला तर घोड्याखालची ठिणगीची टोपी तेवढी फुटली. पण थोरल्याचे डोळे मिटले होते, खांदा मागे गेला होता.

"आत बारूद नव्हतीच, भाऊ," म्हातारा हळूच म्हणाला. "दनका बसायच्या आदीच तुमी हालून राहिले."

थोरल्याने दुनळी खाली ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हाताऱ्याने एक जुनी, लांब, अरुंद नळीची बंदूक काढली. हातात चांगलीच जड. वजनदार बंदूक अर्धा दणका स्वतःच खाते, म्हणाला. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता दोन बोटं कापला, मागे कापूस भरलेली चामड्याची गादी ठोकली, दारूचं माप बेताचं करून दिलं. दिसायला ती अगदी दरिद्री होती. पण संध्याकाळपर्यंत थोरल्याचे डोळे उघडे राहू लागले.

तिसऱ्या दिवशी मचाणावरून एका गोळीत वाघ पडला. लोक थोरल्याला खांद्यावर घ्यायला धावले. तो त्यांना बाजूला सारून थेट गुराख्याच्या बायकोकडे गेला. मी त्याच्या मागोमाग. बाईने त्याच्या हातातली बंदूक बराच वेळ पाहिली.

"हे बंदूक पयलेच काहून नाई आनली, मालक?"

थोरल्याने मान खाली घातली. "चुकलं माहं, बाई," एवढंच बोलला.

मी शेजारीच उभा होतो. दुनळी माझ्या हौसेची, हे मी म्हणालो नाही. पुढे थोरला गेला, तरीही मी कधी कुणाला काही सांगितलं नाही. गावात अजून म्हणतात, थोरल्याला मोठ्या बंदुकीची भारी हौस होती.