राळेतलं जास्तीचं तेल

जपानमधल्या हिकोने गावी, देवघरं बनवणाऱ्या आळीत नुईने एकेचाळीस वर्षं राळ शिजवली, आणि आता तिला त्या वासाचाही वीट आला होता. नवरा किसाबुरो देवघराची तांब्याची फुलं ठोकून उठवायचा. हातोडीखाली पत्रा हलू नये आणि हवा तेवढाच दबावा, म्हणून तो आधी राळेच्या पाटावर चिकटवायचा. राळ, मातीची चाळलेली भुकटी आणि तेल. थंडीत तेल जास्त, उन्हाळ्यात कमी. विद्या म्हणाल तर एवढीच, पण ढवळून ढवळून बाईचे खांदे गेले.

सात वर्षांपूर्वी किसाबुरोच्या हातातला जोर गेला. दहा ठोक्यांचं काम वीस ठोक्यांत होईना. हातोडी मांडीवर ठेवून नुसता बसून राहायचा. नुईला ते बघवेना. तिने गुपचूप पळीभर तेल जास्त घातलं. राळ मऊ झाली, पत्रा भराभर दबला, आणि जेवताना म्हातारा म्हणाला, "बघितलंस? हात अजून शाबूत आहे." मग काय, दरवर्षी अर्धी पळी वाढत गेली.

त्या सोमवारी देवघरांचा दुकानदार ताकेबे बारा कमळं परत घेऊन आला. भला माणूस, चहा संपेपर्यंत विषयच काढेना.

"काका, रागावू नका. पाकळीला धारच नाही हो. लांबून कमळ दिसतं, जवळून कोबी."

"हल्ली तांबंच भिकार येतंय," किसाबुरो म्हणाला. "ठेव इथे. नवीन करून देतो."

मऊ राळेवर धार उठत नाही; तीच दिली तर पुन्हा कोबीच होणार आणि म्हाताऱ्याचं नाव जाणार. कडक दिली तर त्याला सगळं कळणार. नुईला विचार करायचाही कंटाळा आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घालायचं तेवढंच तेल घातलं.

हातोडी टणटण उडायला लागली. दुपारपर्यंत एका कमळाच्या आठातल्या तीन पाकळ्या झाल्या. पण काय पाकळ्या! कडेवरून बोट फिरवलं तर टोचावं अशा. किसाबुरोने हातोडी खाली ठेवली.

"अगं, आज तेल किती घातलंस?"

"घालायचं तेवढंच."

"आणि आजवर?"

"जास्त. सात वर्षं." तिने खांद्यावरचा टॉवेल उगाच नीट केला. "तुम्हाला नुसतं बसलेलं बघवत नव्हतं मला."

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. "चारशे घरांत गेलं ते काम," तो हळूच म्हणाला. "लोक रोज त्यापुढे हात जोडतात. प्रत्येक फुलामागे माझ्या नावाचा शिक्का आहे. तेव्हाच कडक राळ दिली असतीस ना, तर मी त्याच दिवशी थांबलो असतो."

ती अपराधी होती आणि दमलेली होती, आणि दोन्हीतलं जास्त काय हे तिलाच कळत नव्हतं.

"राहू द्या आता," ती म्हणाली.

"हे एक तरी पुरं होऊ दे."

हात थकला की थांबत थांबत त्याला तीन दिवस लागले. ताकेबे आला, कमळ हातात घेऊन पाकळ्यांच्या कडांवर बोट फिरवायला लागला. बाकीची अकरा दुसऱ्या कुणाकडून करून घे, असं किसाबुरोने त्याला सांगितलं. ताकेबेने कमळ उलटं केलं.

"काका, शिक्का मारायचा राहिला की."

"राहू दे," किसाबुरो म्हणाला. "जिथे नको होता तिथे चारशे वेळा मारून झालाय."