नातेवाईक नसलेला नकाशा

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. चार रिकामटेकडी माणसं दर रविवारी एका टेबलाभोवती बसायला लागली की ते आपोआप साचतात, माळ्यावर धूळ साचते तसे. आमचा कंपू विलायतेच्या मोजणी खात्याचे जुने नकाशे जमवतो. नकाशे किती झाले ते नानांना पाठ आहे, किस्से किती झाले ते मला.

"धुळ्यात बसून विलायतेचे नकाशे? कशासाठी?" असं लोक विचारतात. आम्हालाही माहीत नाही, तेव्हा तो प्रश्न सोडून द्या.

मी भूगोलाची शिक्षिका. मी रिटायर झाले, पण 'मॅडम' हे नाव काही रिटायर झालं नाही. आमच्या ह्यांचं टेलरिंगचं दुकान होतं. ते बंद झाल्यावर कटिंगचं आठ फुटी टेबल घरी आलं. त्यावर मोठी शीट न दुमडता पसरते, म्हणून बैठक माझ्याकडे. माझ्या ज्ञानामुळे वगैरे अजिबात नाही!

*

या सगळ्याची सुरुवात नानांनी केली. नाना म्हणजे मोजणी खात्यातले रिटायर सर्व्हेअर. चौतीस वर्षं लोकांचे बांध मोजले. आणि स्वतःचा? सोनगीरजवळ त्यांचं गाव आहे. तिथे त्यांचं आणि धाकट्या भावाचं, आप्पांचं, शेत लागून. मधल्या बांधावरून दोघांचं फाटलं ते फाटलंच. अकरा वर्षं एकमेकांशी अक्षर बोललेले नाहीत.

तर त्या बांधासाठी नानांनी कुठल्याशा परदेशी दुकानातून आपल्या भागाचा इंग्रजांच्या काळातला नकाशा मागवला. दुकानदाराने पत्ता बरोबर लिहिला आणि नकाशा भलताच पाठवला. इंग्लंडातल्या कुठल्यातरी डोंगरी भागाचा! नाना तो घेऊन माझ्याकडे आले. टेबलावर पसरला. भिंग लावून बघत बसले. चहा गार झाला.

"नाना, परत पाठवा की," मी म्हटलं.

"राहू द्या मॅडम," नाना म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा असा नकाशा बघतोय ज्यात माझा एकही नातेवाईक नाही."

*

मग पार्सलं सुरू झाली. एकदा टपाल कार्यालयातून निरोप आला, समक्ष या. मी गेले. कारकून नवा होता, त्यामुळे भलताच सिरीयस.

"आत काय आहे?"

"नकाशा."

"नकाशा! यात भारताची सीमा बरोबर दाखवली आहे का?"

मी म्हटलं, "अहो, यात भारतच नाही."

त्याने पेन खाली ठेवलं. "भारतच नाही? मग तर मॅडम, प्रकरण जास्तच गंभीर आहे."

अर्धा तास मी त्याला जगाचा भूगोल शिकवला. चौथीच्या मुलांना लवकर समजतो.

*

आबा रावेरकडचे केळीवाले. ते का आले कंपूत, तर त्यांना जुन्या नकाशांवरच्या विहिरी मोजायच्या असतात. विलायतेच्या नकाशात प्रत्येक विहीर दाखवलेली असते. आबा एकेका गावच्या विहिरी बोटाने मोजतात आणि हळहळतात. "बारा महिने पाऊस, अन वर इतक्या विहिरी! यांना कशाला हो पाहिजेत?"

आबा नकाशे ठेवतात केळीच्या खोक्यात. आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं, पण केळीवाल्याला खोक्यापलीकडे जग नाही. व्हायचं तेच झालं. एके दिवशी मजुरांनी खोकी भरली आणि त्यात नकाशांचं खोकंही ट्रकमध्ये चढवलं. माल दिल्लीला रवाना!

आबांनी व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "खोके तो सब पकने के लिए चेंबर में डाल दिए. चार दिन बाद खुलेगा."

ते चार दिवस आबा जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण आम्हाला फोन करून 'जेवण जात नाही' असं सांगत राहिले.

खोकं परत आलं. शीट बाहेर काढल्या. जाताना बऱ्यापैकी पांढऱ्या होत्या, येताना सगळ्या मस्त पिवळ्या! मला तर बघवेना. आबांनी एक शीट उचलली, लांब धरली, जवळ धरली.

"काही म्हणा," आबा म्हणाले, "आता कुठे अँटिक वाटायला लागली."

*

गार्डसाहेब भुसावळचे. सगळी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढली. आता बैठकीला एसटीने येतात आणि प्रत्येक थांब्यावर घड्याळ बघून कंडक्टरला लेट सांगतात. ते नकाशात फक्त रेल्वे बघतात. गावं, डोंगर, नद्या त्यांच्या लेखी रुळांच्या आजूबाजूची रिकामी जागा.

एकदा एकाच भागाच्या दोन शीट आल्या, एक जुनी, एक पुष्कळ नंतरची. गार्डसाहेबांनी दोन्ही शेजारी ठेवल्या. जुनीत एक छोटी लाइन डोंगरातून वळत वळत जात होती, सहा स्टेशनं होती. नवीत लाइनच नाही!

गार्डसाहेब उठून उभे राहिले. म्हणाले, "सगळे उभे राहा."

आम्ही उभे राहिलो. आबा बिचारे घाबरले. हळूच विचारलं, "गेलं कोण?"

"लाइन गेली," गार्डसाहेब म्हणाले. "सहाच्या सहा स्टेशनं."

एक मिनिट शांतता पाळली. त्यानंतर मी चहा आणला तर त्यांनी हाताने नको म्हटलं.

"सुतक का?" मी विचारलं. मला वाटलं, हसतील.

"हो. ब्रांच लाइन होती, तीन दिवस पुरे. मेन लाइन असती तर दहा धरले असते."

*

आता नानांचं पत्र. विलायतेत मैलाला पंचवीस इंच अशा मोठ्या मापाचे नकाशे निघायचे. त्यात प्रत्येक शेताला नंबर, आणि नंबराखाली क्षेत्र छापलेलं. पहिली शीट हातात आली तेव्हा नाना लहान पोरासारखे ओरडले, "अहो, सातबारा नकाशावरच!"

पण माणूस मोजणीचा. त्यांनी त्याच गावाची पुढची आवृत्ती मिळवली आणि नंबरवार क्षेत्रं ताडून बघितली. एका शेताचं क्षेत्र थोडं कमी झालेलं, शेजारच्याचं तेवढंच वाढलेलं. नानांचे डोळे चमकले. "सरकवलाय! दगडी बांध आहे, तरी सरकवलाय!"

मी म्हटलं, "नाना, सरकवणारे कधीच मेले."

"अतिक्रमण मरत नाही मॅडम."

त्यांनी तिथल्या ग्रामपंचायतीला पत्र धाडलं. इंग्रजी माझं, आवेश त्यांचा. सोबत दोन्ही नकाशांच्या झेरॉक्स आणि लाल शाईत खूण. चार महिन्यांनी उत्तर आलं, त्या शेतातल्या एका म्हातारीचं. लिहिलं होतं, तुमचं म्हणणं खरं दिसतं. मी तुमचं पत्र शेजाऱ्याला दाखवलं. आम्ही दोघं खूप हसलो. इकडे कधी आलात तर नक्की या.

मी वाचून दाखवलं. आबा हसले, गार्डसाहेब हसले. नाना हसले नाहीत.

"हसले?" ते म्हणाले. "बांध सरकला, अन दोघं मिळून हसले?"

सगळे गेल्यावर नाना थांबले. म्हणाले, "मॅडम, आप्पाने मोजणीचा अर्ज टाकलाय. तारीख लागेल आता."

"मग चांगलंच आहे की. एकदाचा सोक्षमोक्ष."

"सोक्षमोक्षच होतो," नाना म्हणाले. "चौतीस वर्षं बघितलंय. जोवर मोजणी होत नाही तोवर दोघंही खरे असतात. मोजणी झाली की एक खरा ठरतो अन दुसरा चोर. त्यानंतर एकाही जोडीला मी एका पंगतीत जेवताना बघितलं नाही. कोणी खरं ठरलं तरी भाऊ गेलाच."

"मग त्याआधी बोला त्यांच्याशी."

"अकरा वर्षं झाली. काय बोलू? सुरुवात कुठून करू?"

मला त्यांचं फार वाईट वाटलं. रागही आला, खरं सांगायचं तर. एवढा जिल्हा पायाखाली घातलेला माणूस, पण शेजारच्या शेतात पाऊल टाकायला जमत नव्हतं.

*

हा शेवटचा.

रविवारची सकाळ. टेबलावर पंचवीस इंची नवी शीट. शंभराहून जास्त वर्षांची, पण घडीचा डागसुद्धा नाही. हिच्यासाठी नाना सहा वर्षं झुरले होते. त्या टेबलाजवळ नानांचा कडक कायदा: चहा खिडकीत ठेवायचा, पेन तर खिशातसुद्धा आणायचं नाही. गार्डसाहेबांचं पेन दारातच काढून घेतलं होतं.

बेल वाजली. दारात धोतर-टोपीतला एक गृहस्थ. नाक हुबेहूब नानांचं.

"नाना आठेच येतस ना दर रविवारले?" असं अहिराणीत विचारत आत आले. हे आप्पा! खिशात मोजणीची नोटीस आणि तिच्या बाजूला पेन. पेन काढून घ्यायचं धाडस कोणाला झालं नाही.

नानांनी मान वर केली नाही. भिंगातून बघत राहिले. आप्पा माझ्याकडे बघून बोलले, "मॅडम, त्याले सांगा, मोजणी गुरवारले शे. हजर रहाजो म्हना."

नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, त्याला सांगा, नोटीस मिळालीय मला."

दोघांत अंतर किती? हातभर! मी मध्ये पोस्टमन.

"बसा आप्पा, चहा घ्या," मी म्हटलं. आप्पा बसले. समोर शीट होती, ती बघू लागले. शेतकरी माणूस, शेतं बरोबर ओळखली.

"मॅडम, हाई वावरमधीन ठिपक्यासनी रेघ कसानी शे?"

"पायवाट आहे, आप्पा. लोक शेतातून चालत जातात."

"दुसराना वावरमधीन? अन कोनी कोर्टात जात नही?" आप्पांनी माझ्याकडे अविश्वासाने बघितलं. मग खाली वाकले. "आरे! झाडं बी दखाडेल शेतस!"

"मॅडम, त्याला सांगा," नाना भिंगातूनच बोलले, "सरकारी माणूस एकेका झाडापाशी उभा राहिला होता, तेव्हा ते काढलंय."

आप्पांनी एकेका झाडावर बोट ठेवून बघितलं. मग म्हणाले, "मॅडम, तुम्हले आमना बांध समजाडस. तुम्हीच सांगा कोन खरा." आणि त्यांनी खिशातलं बॉलपेन काढलं, टोपण दातांनी उपसलं, आणि कोणी काही म्हणायच्या आत शीटवर टेकवलं!

"हाई त्यानं वावर," त्या इंग्रजाच्या कुरणातून निळी रेघ निघाली. "हाई मन्हं. अन हाऊ बांध, आसा!" दुसरी रेघ. चांगली दाबून.

गार्डसाहेब उठून उभे राहिले. आबांनी डोळे मिटले. मी टेबलाची कड गच्च धरली आणि नानांकडे बघितलं.

नानांनी भिंग बाजूला ठेवलं. त्या रेघेकडे बघितलं. चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता संपलं, गुरुवारची वाटसुद्धा बघायला नको.

"आसा नही रे," नाना म्हणाले. माझ्याकडे बघून नाही. "निंब कठे शे? निंबपाईन धर."

आप्पांचं पेन थांबलं. "कोनता निंब?"

"ज्यावरतीन तू पडना व्हता."

मग त्या कुरणाच्या मधोमध आप्पांनी एक गोल काढला. त्यावरून पुन्हा एक, पुन्हा एक. कागदाचा चर्रकन आवाज झाला.

नानांनी शीट हाताने सपाट धरली.

"आजून मोठा व्हता," ते म्हणाले.