मिस्त्रींच्या खडूच्या खुणा

मास्तर मिस्त्रींना ओळखत होते असं म्हणणं जरा धाडसाचंच होईल. मिस्त्रींना मुलं किती, इंजिनं दुरुस्त करायचं काम ते कुठे शिकले, यातलं मास्तरांना काहीच ठाऊक नव्हतं. मिस्त्रींना डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि तरी धक्क्यावर सगळे त्यांना ‘कानसेन’ म्हणतात, एवढंच माहीत. उरलेली ओळख एका सकाळची.

त्या रविवारी मास्तरांची छोटी होडी धक्क्याला बांधलेली होती, आणि तिच्या मागच्या फळीवरचं जुनं इंजिन दोन आठवडे मुकं होतं. मास्तरांच्या बायकोची थोरली बहीण पलीकडच्या काठावर अंथरुणाला खिळलेली. दर रविवारी मास्तरीणबाई तिला न्हाऊ घालायला जात. रस्त्याने जायचं तर तीन बस बदलायच्या, आणि बाईंचे गुडघे पहिल्या बसच्या पायरीलाच हात टेकत. दोन रविवार हुकले होते. घरात नवरा-बायकोचं बोलणं कामापुरतंच उरलं होतं. आताही बाई धक्क्याच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि इंजिनाची दोरी ओढून ओढून घामाघूम झालेल्या नवऱ्याकडे पाहत नव्हत्या.

“मिस्त्री, गेलं म्हणायचं का हे?”

“आधी विचारपूस करू, मग रडू. खडू आहे का?”

निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, तरी मास्तरांच्या खिशात तुकडा निघाला.

“जो भाग निर्दोष ठरेल त्याच्यावर खूण करायची,” मिस्त्री म्हणाले. “म्हणजे त्याला पुन्हा छळायचं नाही.”

त्यांनी प्लग काढून त्याचं टोक इंजिनाच्या अंगाला टेकवलं. “ओढा.” दोरीसरशी निळी ठिणगी पडली. एक खूण. मग त्यांनी प्लग नाकाशी नेला. “कोरडा ठणठणीत. म्हणजे पेट्रोल वर पोचतच नाही.”

“टाकी तर भरलेली आहे,” मास्तर घाईने म्हणाले. पांढऱ्या प्लास्टिकमधून ते दिसतच होतं. दुसरी खूण.

टाकीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत पेट्रोल ढकलायचा एक रबरी फुगा होता. तो गाल बसलेल्या तोंडासारखा चपटा पडला होता.

“याचं वय झालं असेल,” मास्तर म्हणाले. “माझ्यासारखं.”

“वय झालेलं रबर तडकतं, मास्तर. याला कुणीतरी आतून धरून ठेवलंय. बंद पडलं कुठे?”

“अर्ध्या वाटेवर. आधी बरं चाललं, मग खोकलं, मग गप्प.”

“आणि घरी टाकी कुठे ठेवता?”

हा काय प्रश्न, असं मास्तरांना वाटलं. “स्वयंपाकघरात, दाराआड.”

मिस्त्रींनी टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स करून वारा आत शिरला, आणि तो फुगा मास्तरांच्या डोळ्यांदेखत हळूहळू गुबगुबीत झाला. झाकणाला वारा आत यायला एक बारीक भोक असतं. पेट्रोल जितकं बाहेर जाईल तितका वारा आत यावा लागतो. ते भोक बुजलं होतं. मिस्त्रींनी नखाने खरवडलं, नख हुंगलं, पायरीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “कचरा बसला होता.”

“कचरा कसला,” बाई पायरीवरूनच म्हणाल्या. “साबण आहे तो. पेट्रोलचा वास दुधाला यायला लागला, म्हणून मीच बुजवलं. आणि दोन आठवडे बोल मात्र यांना लावतेय.”

“वहिनी, पदरमोड करून एक खोटं बोललो होतो, ते फुकट घालवलंत.”

“कशाला बोलायचं पण?”

“माझ्या घरी अशीच एक चूक सापडली होती. मी चारचौघांत बोलून दाखवली. आठ दिवस भिंती माझ्याशी बोलल्या, पण ती नाही.”

बाई तोंडाला पदर लावून हसल्या. तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं.

मिस्त्रींच्या घरची ती चूक कोणती, हे विचारायचं मास्तरांच्या मनात पुढे चार वर्षं होतं. दर रविवारी ते मुद्दाम मिस्त्रींच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहत, आणि धीर होईपर्यंत बाई होडीत बसलेल्या असत. शेवटच्या रविवारीही तसंच झालं. त्यानंतर तीनच दिवसांनी मिस्त्री गेले.

“भोक मोकळं आहे ना?” मिस्त्रींनी नेहमीसारखं विचारलं होतं.

“आहे.”

“आणि टाकी?”

“अंगणात असते आता.”

“मग निघा. ताई वाट बघत असतील.”